एकसारखे तुकडे

प्रिय चिमटे,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. एरवी तुझं पत्र आलं की मी आधी चहा ठेवतो, चष्मा पुसतो, खिडकीजवळची खुर्ची ओढतो आणि मगच पाकीट फोडतो. म्हातारपणी चैन म्हणून एवढीच उरली आहे. काल मात्र चहा उतू गेला आणि मी ओट्यापाशी उभ्या उभ्या ते चार वेळा वाचलं. तुझ्या नातीच्या हातून प्रयोगशाळेत नमुने फ्रीजच्या बाहेर राहिले, तिने सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली, घरी येऊन रडली आणि आता येत्या शुक्रवारी ती राजीनामा देणार. इथवर ठीक होतं. तरुण माणसं रडतात, राजीनामे लिहितात आणि फाडतातही. पण पुढे तू लिहिलंयस की तूच तिला सांगितलंस, सोडून दे बाळा, हा विसरभोळेपणा आपल्या रक्तातच आहे, माझ्या हातूनही हेच झालं होतं. ते वाचल्यापासून माझं कशात लक्ष लागत नाही. आज बुधवार. माझी भाची उद्या सकाळी गाडी घेऊन तुमच्या बाजूला निघते आहे, तिच्या हाती हे देतो, म्हणजे उद्या संध्याकाळी तुला मिळेल. फोन करायला काय झालं होतं, असं तू म्हणशीलच. दोनदा नंबर लावला आणि घंटा वाजायच्या आत ठेवून दिला. मला हे तोंडाने सांगता येणार नाही. तेव्हा एवढंच कर, हे पत्र शेवटपर्यंत वाचून होत नाही तोवर त्या पोरीला कुठलाही कागद देऊ देऊ नकोस.

तुला आपली ती मधल्या मजल्यावरची प्रयोगशाळा आठवते का गं? मला हल्ली सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण तिथल्या फरशीवरचे डाग आठवतात. दारातून शिरलं की डावीकडे धुण्याची मोरी, तिच्यावर उलटे टांगलेले चंबू, समोर नळ्या गरगर फिरवणारं सेंट्रीफ्यूज, जे सुरू झालं की खालच्या मजल्यावरचे कारकून वर येऊन भांडायचे. आणि उजवीकडे माझं राज्य, कोल्डरूम. बाहेर अंगाची काहिली होत असायची आणि मी आत दोन स्वेटर घालून. माझं नाव थंडोबा तूच ठेवलंस. पहिल्याच आठवड्यात ठेवलंस आणि महिनाभरात सरांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे तेच म्हणायला लागले. पगारपत्रकावर तेवढं खरं नाव राहिलं. तुला चिमटी म्हणायला मी सुरुवात केली, कारण चिमटा सतत तुझ्या हातात असायचा आणि तो नसला तर बोलून काढायचीस.

सकाळी उजाडता उजाडता मी सायकलवरून खाटीकखान्यात जायचो, हँडलला बर्फाची बादली अडकवून. कोकराच्या गळ्याखालची ती गुलाबी ग्रंथी घेऊन यायचो. त्या ग्रंथीच्या पेशी लहान आणि त्यांत केंद्रक मोठं, म्हणून आपल्याला ती हवी असायची, हेही मला तूच समजावलंस. सरांनी कधी मला काही समजावलं नाही, त्यांच्या लेखी मी फ्रीजचाच एक भाग होतो. तू मात्र ग्रंथी बारीक करता करता, चौपदरी कापडातून गाळता गाळता बोलत राहायचीस. एका पेशीत दोन मीटर डीएनए, म्हणजे तुझ्यापेक्षाही उंच, असं म्हणून मला स्टुलावर उभं केलं होतंस. आणि हा दोन मीटरचा धागा ज्या केंद्रकात मावतो ते डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. मावतो कसा? सर म्हणायचे, धाग्याला प्रथिनांचा लेप असतो, त्या लेपामुळे तो दबतो. तू सरांसमोर मान डोलवायचीस आणि ते केबिनमध्ये गेले की माझ्याकडे वळून म्हणायचीस, लेप दिला तर धागा जाड होईल, आखूड कसा होईल?

तुझी आई शिवणकाम करायची, म्हणून तुला धाग्याची अक्कल होती. धागा डब्यात कोंबला की गुंता होतो आणि रिळावर गुंडाळला की हवा तेव्हा सुटतो, एवढं साधं होतं तुझं म्हणणं. पेशीला तर तो धागा रोज वाचायचा असतो, दोन पेशी होताना पुरता उलगडून त्याची दुसरी प्रत काढायची असते, मग तिने तो कोंबून कसं चालेल? कशावर तरी गुंडाळलेला असणार, असं तू म्हणायचीस आणि मी हो हो म्हणायचो. मला त्यातलं निम्मं कळायचं. उरलेलं निम्मं मी तुझ्याकडे बघण्यात घालवायचो. आता पंचाहत्तरी ओलांडली, आता लाजायचं कशाला, म्हणून लिहितो.

आणि हो, तू विसरायचीस. ते मी नाकारत नाही. छत्र्या किती हरवल्यास त्याची गणती नाही. जेवणाचा डबा बसमध्ये राहायचा, स्वेटर माझ्या कोल्डरूममध्ये. एकदा एका पायात एक चप्पल आणि दुसऱ्यात दुसरी घालून आली होतीस आणि दुपारपर्यंत तुझ्या लक्षात आलं नव्हतं, मावशींनी दाखवलं तेव्हा तूच सगळ्यांत जास्त हसलीस. तुझा हा स्वभाव तुला पक्का ठाऊक होता, म्हणून तू कामापुरती एक सवय लावून घेतली होतीस. संध्याकाळी नळ्यांचं स्टँड कोल्डरूममध्ये ठेवलं की दार लावून दारावर दोन थापा मारायच्या आणि मोठ्याने म्हणायचं, ठेवलं! सगळे हसायचे. मीही हसायचो. पण तीन वर्षांत छत्र्या गेल्या, डबे गेले, कामाची एक नळी इकडची तिकडे झाली नाही. हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही, बहुधा तुझ्याही नाही.

मागच्या महिन्यात दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून आपल्या इमारतीवरून आलो. बाहेरून नवा रंग दिलाय, जिना तोच. गेटवरच्या मुलीने आत सोडलं नाही, कुणाला भेटायचंय असं विचारलं. मग तिनेच खुर्ची दिली, पाणी दिलं. गुडघे भरून आले होते, बसलो घटकाभर. आजूबाजूने तुझ्या नातीच्या वयाची पोरं पळत होती, एकाच्याही अंगात स्वेटर नव्हता.

आता त्या आठवड्याकडे येतो. इतका वेळ इकडचं तिकडचं लिहीत बसलो ते उगीच नाही, तुला कळलं असेलच. सर आठवडाभर बाहेरगावी गेले होते. परतल्यावर दोन दिवसांनी पाहणीसाठी समिती येणार होती आणि तिला दाखवायला तू महिनाभर खपून तयार केलेली केंद्रकं नळ्यांत भरून ठेवली होतीस. त्यांतून तुला अखंड, लांबच लांब डीएनए काढून दाखवायचा होता. तुझी शिष्यवृत्ती पुढे चालू राहायची की नाही, ते त्याच्यावर होतं. आणि सकाळी तू आलीस तर स्टँड बाहेर टेबलावर. दिवस उन्हाळ्याचे, नळ्या कोमट. मी खाटीकखान्यातून बादली घेऊन आलो तेव्हा तू एक हात त्या स्टँडवर ठेवून उभी होतीस. रडत नव्हतीस.

दुसऱ्या कुणी त्या नळ्या मोरीत ओतल्या असत्या. तू म्हणालीस, फेकायचंच आहे तर बघून फेकू. दिवसभर बसून त्यांतला डीएनए काढलास, तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या त्या थलथलीत जेलवर चढवलास, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दिव्याखाली धरलास. वर एक जाड पट्टा दिसायला हवा होता. तो नव्हताच. कुजल्यावर जसा नुसता माखल्यासारखा डाग येतो, तोही नव्हता. वरपासून खालपर्यंत नीट अंतरावर आडवे पट्टे होते, शिडीला पायऱ्या असतात तसे. तू किती वेळ बघत होतीस! मी दोनदा चहा आणून ठेवला आणि दोनदा गार झाला. त्यातच सर आले. त्यांनी स्टँडबद्दल ऐकलं, मग जेल बघितली आणि जे बोलायला लागले ते खालचे कारकून जिन्यात गोळा होईपर्यंत. तू मान खाली घालून सगळं ऐकलंस. आणि ते श्वास घ्यायला थांबले तेव्हा तू विचारलंस, "पण सर, कुजलं असतं तर वेडेवाकडे तुकडे पडले असते. हे एकसारखे कसे पडले?"

सर म्हणाले, प्रश्न विचारण्याआधी वस्तू जागेवर ठेवायला शिका. जेल त्यांनी स्वतःच्या हाताने मोरीत टाकली. महिन्याभरात तुझी शिष्यवृत्ती थांबली. शेरा काय होता ते सगळ्यांना माहीत होतं, कामात निष्काळजी. जाताना जिन्यात तू मला म्हणालीस, तू तरी सांभाळून राहा रे थंडोबा, इथे विसरून चालत नाही. तू माझी समजूत घालत होतीस, चिमटे. माझी.

आता ऐक. आदल्या संध्याकाळी तू स्टँड आत ठेवलंस. दार लावलंस, दोन थापा मारल्यास, ठेवलं म्हणालीस. मी सेंट्रीफ्यूज पुसत होतो, मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. तू गेल्यावर मी पायऱ्या उतरून कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो आणि फुलं घेऊन आलो. लांब दांड्याची, पांढरी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुला विचारणार होतो. काय विचारणार होतो ते लिहायची गरज आहे का? दुकान सकाळी उशिरा उघडायचं म्हणून फुलं आदल्या दिवशीच आणली, आणि त्या उकाड्यात ती टिकणार कुठे, तर माझ्या कोल्डरूममध्ये. समितीसाठी फळ्या बाटल्यांनी गच्च भरलेल्या. उंच दांड्यांना जागा एकाच फळीवर, तुझ्या स्टँडच्या जागी. मी ते स्टँड बाहेर टेबलावर ठेवलं. फुलं नीट लावू, मग बाटल्या सरकवून स्टँड परत आत ठेवू, दोन मिनिटांचं काम. तेवढ्यात खालून हाक आली, बर्फाची गाडी आली आहे, सही करा. खाली गेलो, सही केली, लाद्या उतरवून घेतल्या आणि तसाच सायकल काढून घरी गेलो. उद्या कुठल्या शब्दांनी सुरुवात करायची हे घोकत गेलो, चिमटे. स्टँडची आठवणसुद्धा झाली नाही.

सकाळी तुला स्टँडपाशी उभी बघितली आणि माझी पाचावर धारण बसली. तू माझ्याकडे बघितलंस आणि विचारलंस, "काल मी हे आत ठेवलं होतं ना रे?" तुला खात्री नव्हती. छत्र्या हरवणाऱ्या माणसाला स्वतःची खात्री कुठून असणार? तुला फक्त माझा हो हवा होता. आणि मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं."

बस. एवढंच बोललो. नोकरी तात्पुरती होती, कायम व्हायला तीन महिने राहिले होते, सर तापट होते, ही सगळी कारणं मी नंतर जमवली. त्या क्षणी मी नुसता भ्यालो. मग समिती येऊन गेली की सांगू, सरांचा राग उतरला की सांगू, असं म्हणत राहिलो आणि तू गेलीसही. फुलं तुला दिसू नयेत म्हणून आधी झाकून ठेवली आणि त्याच दुपारी वर्तमानपत्रात गुंडाळून मावशींना दिली. त्यांनी विचारलं, कुणाचं लग्न आहे का? मी नाही म्हणालो. जो माणूस तुला एक हो म्हणू शकला नाही, तो तुला लग्नाचं काय विचारणार? तोंडच राहिलं नव्हतं मला.

पुढचं ऐकून तुला जास्त राग येईल, आणि यावाच. काही वर्षांनी मी आपल्या ग्रंथालयात नियतकालिकांची धूळ झाडायच्या कामावर होतो. एका अंकात चित्र दिसलं. जेलचं चित्र, आडवे पट्टे, नीट अंतरावर. मी तिथेच खाली फरशीवर बसलो. प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या एका बाईंकडून ते समजून घेतलं, दोन संध्याकाळ त्यांच्या मागे लागून. पेशीत धागा कापणारी प्रथिनं मुळातच असतात, थंडीत गप्प पडून राहतात, ऊब मिळाली की कामाला लागतात. पण धागा त्यांना सगळीकडे कापता येत नाही. आठ प्रथिनांचं मिळून एक छोटं रीळ असतं, त्याच्याभोवती धागा जेमतेम पावणेदोन वेढे घेतो, मग थोडा मोकळा, मग पुढचं रीळ. अशी लाखो रिळं. कात्री चालते ती फक्त मधल्या मोकळ्या जागी. म्हणून तुकडे पडतात ते एका रिळाचे, दोन रिळांचे, तीन रिळांचे. एकसारखे. आणि हीच रिळं एकमेकांवर रचत, वळत, दाबत गेली की पेशी दुभंगताना जे गुणसूत्र दिसतं ते तयार होतं. त्या बाई सांगत होत्या आणि मला तुझ्या आईच्या शिलाईच्या डब्याबद्दल तू सांगितलेलं सगळं आठवत होतं. तुझा प्रश्न बरोबर होता. उत्तर तुझ्या हातात होतं, ओलं, दिव्याखाली. ते मोरीत गेलं आणि दूरवर कुणाला तरी पुन्हा सापडलं.

तेव्हाही मी तुला लिहिलं नाही. तुझं लग्न झालं होतं, पत्ता नव्हता, असं मी स्वतःला सांगायचो. शोधला असता तर सापडला असता. माझं लग्न झाल्यावर बायकोला एकदा सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, मला सांगून काय उपयोग, जिला सांगायचंय तिला सांगा. ती जाईपर्यंत दर वर्षी एकदा तरी विचारायची, लिहिलंत का? जाऊन तीन वर्षं झाली, आता कुणी विचारत नाही. आणि सरांच्या शोकसभेत आपण इतक्या वर्षांनी भेटलो तेव्हा तर आयती संधी होती. तू नव्या मुलांच्या घोळक्यात उभी राहून हसत हसत स्वतःची ओळख करून देत होतीस, नळ्या बाहेर विसरून जिने शिष्यवृत्ती घालवली ती मी. मुलं हसली. मी कपबशी हातात घेऊन तुझ्या शेजारी उभा होतो. तू मला म्हणालीस, सांग ना रे यांना, किती विसरायचे मी! आणि मी सांगितलं, छत्र्यांचं सांगितलं, चपलांचं सांगितलं. त्या दिवशी घरी येऊन मला जेवण गेलं नाही. तरीही गेली अकरा वर्षं आपण पत्रं लिहितो आहोत, गुडघ्यांची, औषधांची, हवामानाची, आणि प्रत्येक पत्रात मी हे गिळलं आहे.

मग आजच का, असं तू विचारशील. कारण माझ्या घाबरटपणाची किंमत तू एकटी मोजत होतीस तोवर मला गप्प बसता येत होतं, लाज वाटली तरी बसता येत होतं. पण आता तीच गोष्ट तू त्या पोरीच्या रक्तात घातली आहेस, आणि ते मला बघवत नाही. जे तुझ्यात कधी नव्हतंच, ते तिच्यात तुझ्याकडून कुठून येणार? ती नमुने खरंच विसरली असेल तर ती तिची चूक, ती तिची निस्तरेल, सगळेच निस्तरतात. पण आधी तिला विचार, ते बिघडलेलं फेकण्यापूर्वी तिने नीट बघितलं होतं का. आणि हेही विचार, तिला पक्कं आठवतंय का की तिने ते बाहेर ठेवलं, की तुझ्यासारखं तिलाही सगळ्यांनी सांगितलं म्हणून वाटतंय. तिच्या खोलीतही एखादा थंडोबा असेल, कुणी सांगावं. हे पत्र तिला वाचून दाखव, माझ्या खऱ्या नावासकट दाखव, मला तिच्यासमोर काय म्हणायचं ते म्हण. यानंतर तुझं पत्र आलं नाही तर मी समजून घेईन. राजीनामा द्यायचा की नाही ते तिचं तिने ठरवावं, पण ते तुझ्या नावावर नको, चिमटे. तू काहीही विसरली नव्हतीस.

तुझाच,
थंडोबा